एक्सपीची व्हीएम नव्या संगणकावर हलवली आणि लायसन्स गेलं. उद्या सकाळच्या आत मदत हवी

निळी शाई | शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मिरजेत आमचा छापखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. २००२ पासूनचं सगळं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एका मराठी फॉन्ट पॅकेजमध्ये आहे: दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, तीन-चार कवितासंग्रह, एका देवस्थानची पोथी. पॅकेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते फक्त विंडोज एक्सपीवर धड चालतं. २०१३ साली भाच्याने व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामात एक्सपीची व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, करून दिली. एक्सपी आमची विकतची आहे, डबा आणि सीडी कपाटात आहे. पॅकेजवाल्यांनी तेव्हा फोनवर 'मशीन कोड' विचारून नवा ॲक्टिव्हेशन कोड दिला होता. तेव्हापासून दहा-बारा वर्षं काही तक्रार नव्हती.

या आठवड्यात नवा संगणक घेतला, रायझनचा. जुना आय-३ होता. व्हर्च्युअलबॉक्समधून व्हीएम एक्सपोर्ट केली, एकच मोठी ओव्हीए फाइल झाली, ती नव्यावर इम्पोर्ट केली. नव्यात मेमरी भरपूर म्हणून एक्सपीला ५१२ एमबीऐवजी २ जीबी दिली. सीडी ड्राइव्ह कधीच लागत नाही म्हणून काढून टाकला.

एक्सपी सुरू झाली आणि म्हणाली की हार्डवेअर बरंच बदललंय, ३ दिवसांत पुन्हा ॲक्टिव्हेट करा. पॅकेज उघडलं तर 'हे लायसन्स या संगणकासाठी नाही'. फॉन्ट लोडच होत नाहीत, त्यामुळे कुठलीही फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते. विक्रेत्याला फोन केला. ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या, असं उत्तर मिळालं. नव्या आवृत्तीत जुन्या फाइली जशाच्या तशा उघडतील का, यावर ठाम काही सांगत नाहीत.

दिवाळी अंकाचे जुने ग्राहक मागच्या अंकांची पुनर्मुद्रणं मागतात, आणि पोथीची आवृत्ती पुढच्या महिन्यात आहे. जुना संगणक उद्या अकरा वाजता दुकानदार बदल्यात घेऊन जाणार आहे. काय करू?

सह्यवारा | शुक्रवार, रात्री ९:२६

ताई, आधी दुकानदाराला फोन करा आणि जुना संगणक उद्या देऊ नका. बाकी सगळं नंतर. त्यातली डिस्क फॉरमॅट झाली तर परतीचा रस्ता बंद होईल.

नव्या संगणकावरची व्हीएम बंद करा. पुन्हा ॲक्टिव्हेट करायचा प्रयत्न करू नका, कोड दोन-चारदा टाकून बघू नका. आणि एवढं सांगा: जुन्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ फोल्डर आहे ना? त्या व्हीएमचं नेटवर्क 'नॅट' (बाहेरच्या संगणकाच्या आडून) होतं की 'ब्रिज्ड' (थेट तुमच्या नेटवर्कवर)?

निळी शाई | शुक्रवार, रात्री ९:४१

दुकानदाराला सांगितलं, सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. फोल्डर आहे, त्यात एक मोठी व्हीडीआय फाइल (१७ जीबी) आणि एक छोटी व्हीबॉक्स फाइल आहे. नेटवर्क 'ब्रिज्ड' आहे, कारण पूर्वी दुसऱ्या खोलीतल्या प्रिंटरला जोडलं होतं.

गुळपोळी | शुक्रवार, रात्री ९:५०

एवढा त्रास कशाला? जुन्या पॅकेजांचे क्रॅक मिळतात, टाका आणि मोकळ्या व्हा. कंपनीच आवृत्ती बंद म्हणते तर कोण विचारणार?

सह्यवारा | शुक्रवार, रात्री १०:३८

@गुळपोळी, नको. ताईंनी पैसे मोजून लायसन्स घेतलंय आणि ते त्यांचंच आहे. ते परत चालू होईल अशी वाट असताना अनोळखी ठिकाणचं एक्झी, म्हणजे प्रोग्रामची फाइल, छापखान्याच्या वीस वर्षांच्या कामाशेजारी कुणी नेऊन ठेवू नये. एक्सपीला सुरक्षा सुधारणा येणं एप्रिल २०१४ मध्येच थांबलंय. त्या घराला कुलूप नाही, आपण होऊन पाहुणे बोलवायचे कशाला?

ताई, आता काय झालंय ते नीट सांगतो. मी पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो आणि ही तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी कुणाची ना कुणाची येते.

आपल्याला व्हीएम म्हणजे फोल्डरातल्या दोन फायली दिसतात. आतल्या एक्सपीला मात्र ते पूर्ण यंत्र दिसतं. त्या यंत्राला बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) आहे आणि बायोसमध्ये एक लांबलचक ओळख क्रमांक आहे, त्याला यूयूआयडी म्हणतात. नेटवर्क कार्ड आहे, त्याला मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या कार्डाचा क्रमांक, आहे. व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक ०८-००-२७ ने सुरू होतात. हार्ड डिस्क आहे (ती व्हीडीआय फाइल म्हणजेच ही डिस्क), तिला सिरियल नंबर आहे, आणि तो व्हर्च्युअलबॉक्स व्हीडीआय फाइलच्या स्वतःच्या यूयूआयडीवरून बनवतो. 'व्हीबी' ही दोन अक्षरं आणि पुढे आकडे-अक्षरं. प्रोसेसर मात्र खोटा नसतो. होस्टचा, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाचा, जो असेल तोच बराचसा आत दिसतो, म्हणून आय-३ जाऊन रायझन आला हे एक्सपीला कळलं.

ओव्हीए करून इम्पोर्ट केलं की व्हर्च्युअलबॉक्स समजतो की तुम्ही नवं यंत्र जन्माला घालताय. त्याला नवा यूयूआयडी मिळतो. डिस्क नव्याने लिहिली जाते, तिचा यूयूआयडी बदलतो, म्हणून सिरियलही बदलतो. मॅकच्या बाबतीत इम्पोर्ट करताना एक पर्याय विचारतात, आणि तिथे आपण होऊन काही निवडलं नाही तर फक्त नॅट जोडणीचे मॅक जपले जातात. तुमचं ब्रिज्ड होतं, म्हणजे मॅक नवा झाला.

आता एक्सपी. तिचा हिशेब मायक्रोसॉफ्टने २००१ मध्येच जाहीर केला होता. ती दहा गोष्टी बघते: डिस्प्ले कार्ड, स्कझी आणि आयडीई ॲडॅप्टर, नेटवर्क कार्डाचा मॅक, मेमरी किती, प्रोसेसरचा प्रकार, प्रोसेसरचा सिरियल, हार्ड डिस्क, तिच्या पार्टिशनचा सिरियल, सीडी ड्राइव्ह. मॅक तोच राहिला तर बाकीच्यांपैकी सहा बदलल्याशिवाय ती तक्रार करत नाही. मॅक बदलला तर मात्र तो धरून चारच बदल पुरतात. मोजा: मॅक एक, रायझन दोन, मेमरी ५१२ वरून २ जीबी तीन, सीडी ड्राइव्ह चार. भरले.

तुमचं फॉन्ट पॅकेज काय बघतं ते त्यांनाच माहीत. पण त्या काळातल्या बहुतेक 'मशीन कोड'वाल्या पॅकेजांचा भर डिस्कचा सिरियल आणि मॅक यांवर असायचा. दोन्ही बदललेत.

म्हणून इम्पोर्ट केलेल्या व्हीएमची डागडुजी करण्यात वेळ घालवू नका. जुन्या संगणकावरचं मूळ फोल्डर जसंच्या तसं उचलून नव्यावर आणा आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या 'मशीन' मेनूतल्या 'ॲड'ने ती व्हीबॉक्स फाइल दाखवा. इम्पोर्ट नाही, क्लोन नाही, ॲड. व्हीबॉक्स फाइल साधी मजकुराची फाइल आहे. यंत्राचा यूयूआयडी आणि मॅक दोन्ही तिच्यात लिहिलेले असतात. डिस्कचा यूयूआयडी व्हीडीआयच्या पोटात असतो, फाइल कॉपी केली तरी तो हलत नाही. मग बदललेला फक्त प्रोसेसर उरतो. मेमरी ५१२ च ठेवा आणि सीडी ड्राइव्ह असू द्या, रिकामा का होईना.

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ११:०५

सह्यवारा यांना अनुमोदन. वाचनखूण साठवली आहे.

नाशिकला आमचं सीए ऑफिस आहे. मागच्या वर्षी आम्ही दुसऱ्याच वाटेने याच खड्ड्यात पडलो, म्हणून सांगतो. आमचं हिशेबाचं एक सॉफ्टवेअर व्हीएममध्ये होतं, ऑनलाइन ॲक्टिव्हेशनचं, एका वेळी एकाच यंत्रावर. ते सक्रिय करण्याआधी एक स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेतला होता. दोन महिन्यांनी काहीतरी बिघडलं म्हणून त्या स्नॅपशॉटवर मागे गेलो. आतल्या यंत्राच्या मते ते कधीच सक्रिय झालं नव्हतं आणि कंपनीच्या सर्व्हरच्या मते एक जागा आधीच वापरात होती. ज्या यंत्राकडून ती जागा सोडायची ते यंत्रच आमच्याकडे शिल्लक नव्हतं. ईमेलवर ईमेल करून जागा मोकळी करून घ्यायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस सप्टेंबरच्या शेवटचे होते. ऑडिटवाल्यांना कळेल.

तेव्हापासून क्रम ठरवून टाकला: आधी जुन्या जागी डीॲक्टिव्हेट, मग शट डाउन, मग फोल्डर हलवणे, मग नव्या जागी ॲक्टिव्हेट. आणि मागे जायचा स्नॅपशॉट ॲक्टिव्हेशननंतरचाच घ्यायचा.

आमचं दुसरं एक पॅकेज डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या कुलपावर, आहे. त्याला यूयूआयडी-मॅकशी काही देणंघेणं नाही, यूएसबीत कुलूप लावलं की झालं. फक्त व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये त्या डोंगलसाठी यूएसबी फिल्टर लावावा लागतो, नाहीतर होस्टच ते पकडून बसतो.

खारवी | शनिवार, सकाळी ७:३०

रत्नागिरीहून. कॉलेजच्या लॅबचं बघतो. विषयाला जोडून दोन गोष्टी, नंतर कुणाला तरी लागतील.

आमच्याकडे हायपर-व्ही आहे, म्हणजे व्हीएम चालवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन. तिथे व्हीएम आणताना तीन पर्याय विचारतात. आहे त्याच जागी नोंदवायची, दुसरीकडे ठेवून जुनाच ओळख क्रमांक वापरायचा, किंवा कॉपी करून नवा ओळख क्रमांक द्यायचा. लायसन्स जपायचं असेल तर तिसरा निवडू नका. हायपर-व्हीत आणखी एक फसवी गोष्ट आहे. मॅक 'डायनॅमिक' ठेवलेला असेल तर तो होस्टच्या साठ्यातून मिळतो, ००-१५-५डी ने सुरू होणारा. व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेऊन सुरू केली की तो बदलू शकतो. आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा फ्लेक्सनेटचा लायसन्स सर्व्हर (एका जागेवरून सगळ्या संगणकांना लायसन्स देणारा) अशाच व्हीएममध्ये होता. लायसन्स फाइलच्या पहिल्या ओळीत त्या सर्व्हरचं नाव आणि मॅक लिहिलेला असतो. होस्ट बदलला, मॅक बदलला आणि दुसऱ्या दिवशी साठ मुलं लॅबमध्ये बसून, एकालाही सॉफ्टवेअर उघडेना. जुना मॅक फाइलमध्येच वाचता येत होता. तोच व्हीएमला 'स्टॅटिक' म्हणून दिला आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केली, दहा मिनिटांत काम झालं. आता लायसन्स सर्व्हरचा मॅक पहिल्या दिवसापासून स्टॅटिकच ठेवतो.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी, म्हणजे ओळख *बदलायला* हवी होती आणि बदलली नाही. एका तयार विंडोजवरून चाळीस व्हीएम क्लोन केल्या. संस्थेचं केएमएस सर्व्हर (संस्थेतल्या संगणकांचं विंडोज सक्रिय करणारं) किमान २५ वेगवेगळी यंत्रं दिसल्याशिवाय विंडोज सक्रिय करत नाही. चाळीस चालू असून मोजणी एकवरच. कारण प्रत्येक विंडोजचा जो क्लायंट ओळख क्रमांक असतो तो चाळीस ठिकाणी एकच कॉपी झाला होता. क्लोन करण्याआधी सिसप्रेप (ही ओळख पुसणारं विंडोजचं साधन) 'जनरलाइज'सकट चालवायला हवं होतं. तुमच्यापैकी कुणाला सी००४एफ०३८ असा कोड दिसला तर आधी हे बघा. सी००४एफ०७४ दिसला तर यंत्र केएमएस सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये, तिथे नेटवर्क, डीएनएस आणि घड्याळ बघा. केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, म्हणून संस्थेची व्हीएम घरी नेऊन ठेवली की सहा महिन्यांनी हमखास बोंब होते.

मोगरा | शनिवार, सकाळी ८:१०

व्हीएमवेअर हा दुसरा व्हीएमचा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: फोल्डर हलवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना 'हलवली की कॉपी केली?' असं विचारतात, त्याकडे दुर्लक्ष करून मिळेल ते बटण दाबू नका. 'हलवली' म्हटलं तर बायोसचा यूयूआयडी आणि मॅक तेच राहतात, 'कॉपी केली' म्हटलं तर दोन्ही नवे. मी घाईत कॉपी दाबलं होतं.

निळी शाई | शनिवार, दुपारी १२:५५

सगळ्यांचे आभार. सकाळपासून लागले आहे, दोन ठिकाणी अडले.

पहिलं, पेनड्राइव्हवर १७ जीबीची फाइल जाईना. फाइल मोठी आहे म्हणतो, पण पेनड्राइव्ह ६४ जीबीचा रिकामा आहे. तो प्रश्न सुटला, शेजारच्या मुलाने सांगितलं की पेनड्राइव्ह फॅट-३२ आहे आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, मग गेली.

दुसरं सुटलेलं नाही. नव्या संगणकावर ॲड केली, यादीत आली, पण नावाखाली 'सेव्ह्ड' लिहिलंय. सुरू केली की जुनी अवस्था परत आणता आली नाही असा लाल संदेश येतो. तिथे अवस्था टाकून द्यायचं एक बटण आहे. दाबू का? भीती वाटतेय.

सह्यवारा | शनिवार, दुपारी १:०८

थांबा, दाबू नका. जुन्या संगणकावर एक्सपी बंद करताना शट डाउन न करता 'अवस्था जतन करा' केलं गेलंय. म्हणजे मेमरीत जे होतं ते तसंच गोठवून ठेवलंय आणि ते इंटेलच्या प्रोसेसरवर गोठवलेलं आहे. रायझनवर ते वितळणार नाही. टाकून दिली तर बहुतेक काही होणार नाही, पण ते चालत्या यंत्राची वीज खेचल्यासारखं असतं. पेजमेकरमध्ये एखादी फाइल उघडी राहिली असेल तर ती जाईल. जुना संगणक हाताशी आहे तर हा धोका कशाला घ्यायचा.

जुन्यावर व्हीएम सुरू करा, उघडं असेल ते जतन करून बंद करा, स्टार्टमधून एक्सपी रीतसर शट डाउन करा. यादीत 'पॉवर्ड ऑफ' दिसलं की फोल्डर पुन्हा कॉपी करा. आणि त्यानंतर जुन्यावर ती व्हीएम चालवायची नाही. एकच ओळख असलेली दोन यंत्रं एकाच वेळी चालू असणं लायसन्सच्या दृष्टीने चूक आहे. शिवाय एकाच राउटरवर दोन सारखे मॅक आले की दोन्हीचं नेटवर्क घोटाळ्यात पडतं.

हे करताय तोवर आणखी एक. पॅकेजच्या माहितीच्या खिडकीत मशीन कोड दिसतो का? जुन्यावर दिसेल तो कागदावर लिहून घ्या.

तारायंत्र | शनिवार, दुपारी १:४०

न्यू जर्सीतून वाचतोय, इथे पहाट आहे. ताई, तुमचं होईल असं वाटतंय.

ॲपलचे मॅक संगणक वापरणाऱ्यांसाठी मात्र वाईट बातमी. माझी अशीच एक विंडोज ७ ची व्हीएम होती, त्यात आईच्या हस्तलिखितांचं टंकन, जुन्याच एका मराठी फॉन्टमध्ये. इंटेलचा मॅकबुक जाऊन ॲपलच्या स्वतःच्या एम चिपचा आला. तिथे लायसन्सपर्यंत गोष्ट जातच नाही, कारण प्रोसेसरची जातच वेगळी. एम चिपवरच्या व्हर्च्युअलबॉक्स काय किंवा पॅरलल्स काय, त्यांच्या रोजच्या व्हीएम आर्मच्या, म्हणजे एम चिपच्याच जातीच्या, सिस्टिमसाठी असतात. इंटेलसाठी बनलेलं जुनं विंडोज तिथे नेऊन ठेवता येत नाही. मी शेवटी वापरलेला एक जुना इंटेल मिनी पीसी घेतला आणि व्हीएम त्यावर ठेवली. जुन्या फाइली ज्यांच्याकडे असतील त्यांनी घरातला शेवटचा इंटेल किंवा एएमडीचा संगणक विकताना विचार करावा.

गुळपोळी | शनिवार, दुपारी २:१५

क्रॅकचं बोललो ते मागे घेतो, सह्यवारा यांचं पटलं. पण एक प्रामाणिक प्रश्न: हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलून का टाकत नाही? मग एक्सपी नको आणि लायसन्सही नको.

खारवी | शनिवार, दुपारी ३:०२

@गुळपोळी, बदलायला हवंच, पण त्यासाठीसुद्धा आधी हे पॅकेज चालू हवं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची १२८ जागांची पट्टी आहे. जुन्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी तुकडे बसवले होते. कुठे अर्धा 'श', कुठे नुसता काना, कुठे रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांची वेगळी. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं इथे ती हमखास घसरतात. समोर मूळ पान बरोबर दिसत असल्याशिवाय शुद्धलेखन तपासणार कशावरून? आणि पोथीत एक मात्रा चुकली तर चालत नाही.

निळी शाई | शनिवार, सायंकाळी ६:४७

झालं!

सविस्तर लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

जुन्या संगणकावर व्हीएम सुरू केली. पेजमेकरमध्ये खरंच एक फाइल उघडी होती, देवस्थानच्या पोथीची, गेल्या आठवड्यात मीच पान ४१ वर दुरुस्त्या करून तशीच ठेवली होती. सह्यवारा, तुम्ही थांबा म्हणाला नसतात तर त्या दुरुस्त्या गेल्या असत्या. जतन केली, एक्सपी शट डाउन केली, फोल्डर पुन्हा कॉपी केलं.

शट डाउन करण्याआधी पॅकेजची माहितीची खिडकी उघडून मशीन कोड लिहून घेतला, सोळा आकडे. मग आठवलं की वडिलांच्या कामाच्या वहीत काहीतरी असेल. त्यांची सवय होती, यंत्राला तेल कधी घातलं तेही लिहायचे. २०१३ ची वही काढली. जूनच्या पानावर त्यांच्या शाईपेनाने लिहिलेलं मिळालं: 'फॉन्टचा नवा कोड फोनवरून घेतला', खाली मशीन कोड, त्याखाली ॲक्टिव्हेशन कोड, आणि ज्याने फोनवर सांगितला त्याचं नाव. चार-चार आकड्यांचे गट पाडून, मध्ये रेघा मारून. खिडकीतले सोळा आणि वहीतले सोळा एकच.

नव्यावर ॲड केली. सुरू करायच्या आधी नेटवर्कबद्दल सूचना आली की ब्रिजसाठीचं कार्ड सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन नव्या संगणकाचं कार्ड निवडलं. तिथेच खाली मॅक दिसतो, तो जुन्याशी ताडून पाहिला, तोच होता. त्याच्या शेजारी नवा मॅक बनवण्याचं गोल बाणाचं बटण आहे, त्याला हात लावला नाही. मेमरी ५१२ च ठेवली.

एक्सपी आली. नवं प्रोसेसर सापडलं असं काहीतरी म्हणाली, एकदा रीस्टार्ट मागितलं. ॲक्टिव्हेशनबद्दल चकार शब्द नाही. मग पॅकेज उघडलं. मशीन कोड तोच, सोळाच्या सोळा आकडे. लायसन्स वैध. २००४ चा दिवाळी अंक उघडला, पहिल्या पानावर 'संपादकीय' हा शब्द मराठीत दिसला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं.

सह्यवारा | शनिवार, सायंकाळी ७:२०

फार बरं वाटलं, ताई. वहीचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. तो कागद आता लायसन्सइतकाच मोलाचा आहे.

राहिलेलं थोडं काम. एक, इम्पोर्ट केलेली ती दुसरी व्हीएम काढून टाका, म्हणजे चुकून कुणी तीच सुरू करणार नाही. काढताना फायलींसकट काढा, पण नाव दोनदा वाचून. दोन, नेटवर्क सेटिंगमध्ये 'केबल जोडलेली' अशा अर्थाची खूण असते, ती काढून ठेवा. कार्ड आणि मॅक आत दिसत राहतात, पण एक्सपी इंटरनेटपासून तुटलेली राहते. फायली बाहेर आणायला शेअर्ड फोल्डर पुरे. तीन, यापुढचा बॅकअप ओव्हीएचा नको. व्हीएम बंद असताना अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. महिन्यातून एकदा बास.

आणि वहीत वडिलांच्या त्या पानाखाली यंत्राचा यूयूआयडी, मॅक आणि डिस्कचा सिरियलही लिहून ठेवा. कधी मूळ फोल्डर गेलंच तर हे तिन्ही व्हर्च्युअलबॉक्सला आदेश देऊन हाताने परत बसवता येतात, पण काय बसवायचं ते माहीत हवं.

मोगरा | शनिवार, रात्री ८:०५

अभिनंदन निळी शाई! मला पुढच्या महिन्यात विंडोज ११ ची व्हीएम एका हायपर-व्ही यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायची आहे. फोल्डर उचलून नेलं की हेच चालेल का? विंडोज रिटेल आहे.

खारवी | शनिवार, रात्री ८:३८

@मोगरा, नुसत्या फोल्डरने चालणार नाही. विंडोज ११ ला टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) लागतं, म्हणजे तुमच्या व्हीएमला आभासी टीपीएम असणार. हायपर-व्हीत त्याची किल्ली जुन्या होस्टच्या सर्टिफिकेटांत असते, 'शिल्डेड व्हीएम लोकल सर्टिफिकेट्स' या कप्प्यात. ती दोन सर्टिफिकेटं खाजगी किल्लीसकट एक्सपोर्ट करून नव्या होस्टवर आधी बसवा, नाहीतर व्हीएम सुरूच होणार नाही. आत बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेलं असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी बाहेर लिहून ठेवा. विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. मग हलवल्यावर बिनसलं तरी ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर नुकतंच बदललं' असं सांगून परत मिळवता येतं. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती सोय आहे. तुमचं रिटेल आहे म्हणून हे सांगतोय. संगणकासोबत आलेलं ओईएम असतं तर ते त्याच संगणकाशी बांधलेलं असतं.

निळी शाई | सोमवार, दुपारी १२:३०

दुकानदार आज येऊन जुना संगणक घेऊन गेला. आतली डिस्क मात्र काढून ठेवली. त्याने तीनशे रुपये कमी केले, चालेल म्हटलं. डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, वडिलांच्या वहीशेजारी कपाटात ठेवली आहे.

पोथीचं पान ४१ पूर्ण झालं. बुधवारी प्लेट काढायला देते आहे.